ट्रेंड रीलवरचा, माप आपलं: बेळगाव भागातल्या मुलामुलींनी स्वतःची स्टाइल कशी बसवावी

दहावी झाली, पीयूसीला (अकरावी-बारावीला) ॲडमिशन मिळाली की आमच्या भागात दोन याद्या तयार होतात. एक पुस्तकांची, ती घरचे करतात. दुसरी कपड्यांची, ती फोनमध्ये सेव्ह केलेल्या रील्सची असते. शिवणकाम हा माझा धंदा असल्यामुळे ही दुसरी यादी माझ्या टेबलावर येतेच. "मामी, हे असंच पाहिजे," म्हणत फोन पुढं होतो. बॅगी जीन्स, ड्रॉप शोल्डर टी-शर्ट, कार्गो, को-ऑर्ड सेट (एकाच कापडाचे वरचे-खालचे). फोटोतल्या माणसाची उंची वेगळी, खांदे वेगळे, त्याच्या गावचा पाऊससुद्धा वेगळा.

सोळाव्या वर्षी नवं घालावंसं वाटत नसेल तर मग कधी वाटणार? त्यामुळे ट्रेंडला नाकं मुरडणाऱ्यांतली मी नाही. माझं म्हणणं एवढंच की ट्रेंड आयता विकत घेण्यापेक्षा बेतून घ्या. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, अथणी या पट्ट्यात अजूनही चालत जाता येईल एवढ्या अंतरावर टेलर आहे, आणि आसपास कापड, खण, चप्पल बनवणारी माणसं आहेत. मोठ्या शहरातल्या मुलांना हे पैसे टाकूनही सहज मिळत नाही. त्याचा उपयोग कसा करायचा, ते क्रमानं सांगते.

आधी कपाट उपसा

रविवारी सकाळी सगळे कपडे पलंगावर काढा. चपला, बेल्ट, ओढण्याही. तीन ढीग करा: गेल्या महिन्याभरात घातलेले, असूनही न घातलेले, आणि लहान झालेले किंवा फाटलेले.

खरी माहिती दुसऱ्या ढिगात असते. एकेक कपडा हातात घेऊन तो का घातला नाही ते एका शब्दात लिहा. टोचतो. खांदा उतरतो. गळा मोठा. कापड चिकटतं. मावशीनं दिला म्हणून ठेवलाय. दहा-बारा कपडे झाले की तीच दोन-तीन कारणं पुन्हा पुन्हा दिसायला लागतात. तेच तुमचे खरेदीचे नियम, फोनमध्ये जपून ठेवा. "चिकटतं" हे कारण चारदा आलं असेल तर यापुढं पॉलिस्टरचा शर्ट कितीही भारी दिसला तरी घ्यायचा नाही. या ढिगातले बरेच कपडे टाकायचेही नसतात, टेलरकडं न्यायचे असतात. त्याबद्दल पुढं.

मग आठवडा मांडा. बऱ्याच पीयू कॉलेजांत युनिफॉर्म असतो, म्हणजे कलर ड्रेसची पाळी येते ती ट्यूशनला, रविवारी, वाढदिवसाला आणि लग्नकार्यात. जिथं रोज जायचं तिथले कपडे कमी आणि वर्षातून दोनदा घालायचे जास्त, असं बहुतेक कपाटांत दिसतं. साधा हिशेब करून बघा. बाराशेची जीन्स साठ वेळा घातली तर एका वेळचे वीस रुपये पडले. चारशेचा टॉप दोनदा घातला तर दोनशे. महाग काय झालं?

स्वतःचं माप स्वतः घ्या

एम, एल, एक्सएल या अक्षरांवर विश्वास ठेवू नका. एका कंपनीचा एम दुसऱ्या कंपनीच्या एल एवढा असतो. शिवणाची टेप घ्या आणि अंगापेक्षा आधी कपडा मापा: तुम्हाला सगळ्यांत छान बसणारा एक शर्ट आणि एक पॅन्ट.

शर्ट सपाट जमिनीवर पसरा. पाठीकडून खांद्याच्या एका शिलाईपासून दुसऱ्या शिलाईपर्यंत खांदा. काखेपासून काखेपर्यंत छाती, ती दुप्पट करायची. गळ्याजवळच्या खांद्यापासून खालपर्यंत लांबी. मग बाही. पॅन्टची कंबर सपाट मापून दुप्पट. त्यानंतर मांडी, मोहरी (म्हणजे पायाच्या खालच्या टोकाची रुंदी), आतल्या बाजूची लांबी आणि आसन. आसन म्हणजे पुढच्या बाजूनं पायांच्या जोडापासून कमरेच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर. मुलं हे माप कधीच घेत नाहीत, आणि पॅन्ट बिघडते ती बहुतेक वेळा इथंच. आसन कमी पडलं की बसताना ओढतं, जास्त झालं की पाय आखूड दिसतात.

हे आकडे फोनमध्ये ठेवा. ऑनलाइन मागवताना साइज चार्टशी हेच पडताळायचे. चार्टवर कपड्याचं माप दिलंय की अंगाचं, तेवढं नीट वाचा, दोन्हींत तीन-चार इंचांचा फरक असू शकतो.

दर चार महिन्यांनी माप पुन्हा घ्या. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास झपाट्यानं वाढते आणि पंधरा-सोळापर्यंत बरीचशी पुरी होते. मुलांची झेप चौदाच्या आसपास येते आणि सतरा-अठरापर्यंत चालते. म्हणून नववी-दहावीतल्या मुलाला महागडी फॉर्मल पॅन्ट घेऊ नये. घ्यायचीच असेल तर टेलरला सांगून खाली दोन-अडीच इंच कापड आत दुमडून ठेवायला लावावं.

रील उलगडून बघा

एखादा लूक आवडला की स्क्रीनशॉट काढा आणि तीन प्रश्न विचारा. यातला आकार काय आहे, म्हणजे कुठं सैल, कुठं घट्ट? रंग कुठले? आणि बारकावे कुठले, म्हणजे खिसे, दोऱ्या, कॉलर, चेन? यांतलं तुम्हाला नेमकं काय आवडलं ते ओळखा. बरेचदा सगळा ड्रेस नव्हे, फक्त वरून सैल आणि खालून सरळ असा आकारच आवडलेला असतो. मग तो तुमच्या कपाटातल्या कपड्यांतूनही साधतो. खात्री होत नसेल तर स्क्रीनशॉट पंधरा दिवस तसाच ठेवा. तेवढ्या वेळात निम्मे लूक आपोआप शिळे होतात.

बॅगीचंच बघा. तीस कंबर असलेला मुलगा छत्तीसची जीन्स घेतो आणि बेल्टनं आवळतो. कमरेवर चुण्या पडतात, मागचे खिसे मांडीपर्यंत घसरतात. बॅगी पॅन्टची कंबर तुमच्याच मापाची असते, सैल असतात त्या मांडी आणि मोहरी. ओव्हरसाइझ टी-शर्टचंही तेच. साधा टी-शर्ट दोन साइझ मोठा घेतला की गळा लोंबतो आणि लांबी मांडीवर येते. नीट बेतलेल्या ओव्हरसाइझमध्ये खांद्याची शिलाई दीड-दोन इंच खाली उतरते, गळा मात्र मानेला धरून राहतो आणि लांबी पॅन्टच्या चेनच्या खाली फारशी जात नाही. उंची कमी असेल तर बॅगीवर टी-शर्ट आत खोचा किंवा आखूड करून घ्या. एवढ्यानं फरक पडतो.

आणि हे नवं आहे असं कुणी समजू नये. मोठ्या मोहरीच्या बेलबॉटम 1970च्या दशकात होत्या, ढगळ जीन्स नव्वदीत होत्या. घरात बाबांची किंवा काकांची जुनी पॅन्ट ट्रंकेत असेल तर आधी ती काढून बघा. लोकरी किंवा जाड टेरिकॉटची, चुण्यांची पॅन्ट कंबर आवळून घेतली की रीलवाल्यांनाही मिळणार नाही असा नमुना होतो.

रंगाबद्दल एक सांगते. "सावळ्या रंगाला हे शोभत नाही" हे वाक्य आपल्याकडं मुलींना लहानपणापासून ऐकवलं जातं. इरकली साडी नेसणाऱ्या इथल्या बायकांकडं बघा: डाळिंबी, गर्द हिरवा, काळा, मोरपंखी. सावळ्या अंगावर हे रंग जेवढे उठतात तेवढे इतरांवर नाही उठत. रंग ठरवायचा तर कापड घेऊन दुकानाच्या दारात उजेडात या आणि हनुवटीखाली धरा. दुकानातल्या दिव्याखाली घेतलेला रंग घरी गेल्यावर वेगळाच निघतो.

बाजारात

पहिली फेरी पैसे न घेता करा. मुलींना तर 2023च्या जूनपासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत साध्या सरकारी बसचं तिकीटही नाही. कर्नाटकातला पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवायचं, की खानापूर, संकेश्वरहून बेळगावला येणं फुकट. खडेबाजार, गणपत गल्ली, मारुती गल्ली फिरा, मॉलमधली दुकानं बघा, घालून बघा, भाव लिहून घ्या, फोटो काढा आणि परत या. दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडतील, पडू देत. दिवाळीच्या आधीच्या शनिवार-रविवारी मात्र जाऊ नका. त्या गर्दीत कुणी ट्रायल रूमही देत नाही.

कापड हातानं ओळखायला शिका. टी-शर्टच्या लेबलवर जीएसएम असेल तर तो एक चौरस मीटर कापडाचा ग्रॅममधला भार असतो. 180च्या आसपासचा टी-शर्ट रोजच्या वापराला ठीक, ओव्हरसाइझला 220 ते 240 असला की आकार टिकतो. लेबल नसेल तर आत हात घालून उजेडाकडं धरा. बोटं स्पष्ट दिसली तर दोन धुण्यांत तो पोत्यासारखा होणार. शिलाई उलटी करून बघा, टाके सुटे असतील किंवा कडा ओव्हरलॉक केलेल्या, म्हणजे धागे सुटू नयेत म्हणून मशीननं गुंफून शिवलेल्या, नसतील तर सोडून द्या. रंग जाईल का ते बघायला ओल्या पांढऱ्या रुमालानं आतल्या बाजूला घासून पाहा. सुटं कापड घेतलं असेल तर चार धागे ओढून घरी मोठ्यांसमोर जाळून बघा. सुती धागा कागदासारखा जळतो आणि राख होते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी बनते, वासही प्लास्टिकचा येतो.

बिल घ्या. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" अशी पाटी लावली तरी खराब निघालेला माल नाकारता येत नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे बिलात मुदत नसेल तर सदोष माल तीस दिवसांत परत घेणं दुकानदाराला भाग आहे. नाकारलं तर ती अनुचित व्यापार प्रथा ठरते. मात्र हे फाटक्या, सदोष मालाबद्दल आहे. "घरी गेल्यावर आवडला नाही" याला कायदा काही करत नाही. ऑनलाइन पार्सल उघडताना व्हिडिओ काढून ठेवा आणि टॅग तोडायच्या आधी एकदा बसून, वाकून, हात वर करून बघा.

बुटांच्या फर्स्ट कॉपीबद्दल विचाराल तर माझं मत स्पष्ट आहे. नकली लोगोपेक्षा बिनलोगोचा चांगल्या सोलचा बूट घ्या. सगळ्या वर्गाला कॉपी ओळखता येते, आणि पावसात तिचा सोलही पहिल्याच महिन्यात सुटतो.

टेलरशी बोलायचं कसं

इथं मी थोडी जास्त रेंगाळणार, कारण सगळा फरक इथंच पडतो.

काय होतं आणि काय होत नाही, ते आधी कळून घ्या. पॅन्टची लांबी, मोहरी, शर्टाची कड, बाहीची लांबी, बाजूनं फिटिंग: सोपं, स्वस्त, बहुधा त्याच दिवशी. जीन्सची कंबर दीड-दोन इंच आवळता येते. त्याहून जास्त आवळली की मागचे खिसे एकमेकांना चिकटतात. खांदा बदलणं म्हणजे बाही पूर्ण उसवून मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, नव्यानं कापणं. शिलाई महाग पडते आणि निम्मे टेलर नाहीच म्हणतात. म्हणून रेडिमेड घेताना खांदा बसतोय का तेवढं बघा, बाकीचं आम्ही बघतो. घट्ट झालेला कपडा सैल करायचा तर आत कापड शिल्लक लागतं. टेलरनं शिवलेल्या पॅन्टला मागं ते सोडलेलं असतं, जीन्सला जवळजवळ नसतंच.

जीन्सची लांबी कमी करताना "मूळची पट्टी ठेवून करा" असं सांगा. खालची घासलेली कड कापून टाकली तर नव्या दुमडीवर ती जुनी झाक येत नाही. मूळ कड कापून वर जोडायची पद्धत सगळ्यांना येते, सांगितल्याशिवाय कुणी करत नाही. जी चप्पल किंवा बूट घालणार ते पायांत घालूनच माप द्या. सरळ पॅन्टला बेलबॉटम करायची असेल तर गुडघ्याखाली बाजूची शिलाई उसवून कळी, म्हणजे तिकोनी तुकडा, घालता येते. ही कळी दुसऱ्या रंगाची किंवा खणाची घातली की तो ड्रेस गावात दुसऱ्या कुणाकडं नसतो.

नवीन शिवायचं असेल तर फक्त फोटो दाखवू नका. पुढून, मागून आणि बाजूनं असे तीन फोटो आणा, आणि तुम्हाला बसणारा एक कपडा मापाला आणा. सुती कापड आधी रात्रभर भिजवून, वाळवून द्या, नाहीतर पहिल्या धुण्यात बाही वर चढते. अस्तर हवं का, खिसा हवा का हे बोलून घ्या. मुलींनो, खिसा मागा. कुर्त्याला बाजूच्या शिलाईत खिसा लावायला फारसा वेळ लागत नाही. "शोभत नाही" म्हणणारा टेलर भेटला तर दुसरा बघा.

कपडा घरी नेण्याआधी तिथंच घालून बघा. खाली बसा, हात वर करा. काही खटकलं तर लगेच बोला. आम्हाला राग येत नाही, आठ दिवसांनी येऊन बोललात तर येतो.

आपल्या मुलखातलं घ्या

2025च्या जूनमध्ये मिलानमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या, त्यावर गदारोळ झाला आणि कंपनीला या कलेपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य करावं लागलं. त्या वेळी अनेकांना कळलं की 2019 साली कोल्हापुरी चपलेला मिळालेला भौगोलिक मानांकनाचा दर्जा आठ जिल्ह्यांना मिळून आहे: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. अथणी, निपाणीकडचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हेच करतायत. सीमेबद्दल वाद घालणारे घालोत, चपलेनं तो कधीच सोडवलाय.

घेताना थोडी घट्ट घ्या, चामडं आठवड्याभरात सैल होतं. सुरुवातीला तेलाचा हात फिरवा आणि रोज तासभरच घाला, पाय सोलत नाही. पावसात अजिबात नको. बॅगी जीन्स, पांढरा शर्ट आणि कोल्हापुरी हा पोशाख मुलगा-मुलगी कुणालाही चालतो.

खण गुळेदगुड्डचा आणि इरकल इळकलची, दोन्ही गावं बागलकोट जिल्ह्यात. इरकलीचा पदर वेगळा विणतात आणि त्याचे धागे अंगाच्या धाग्यांत अडकवून जोडतात. त्या जोडालाच टोप-तेनी म्हणतात. खणाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, लहान असतो, त्यामुळे अख्खा अनारकली शिवायचा हट्ट धरू नका, जोड देऊन देऊन मजा जाते. त्याचं जाकीट करा, शर्टाला कॉलर आणि पट्टी करा, साध्या काळ्या कुर्त्याला योक (खांद्या-छातीवरचा वेगळा जोडतुकडा) करा, कापडी पिशवी करा. एका खणात दोन मैत्रिणींच्या कॉलरी निघतात. आजीचं लुगडं कापायच्या आधी आजीला विचारा. आणि शक्यतो विरलेलं, फाटलेलं तेच कापा, चांगलं नेसायला ठेवा.

हातात कला हवी असेल तर कसुती शिका. धारवाडकडचा हा भरतकामाचा प्रकार. त्यात चार टाके: गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी. गवंती आणि मुरगी दोन्ही बाजूंनी सारखे दिसतात, गाठ मारायची नसते, धागे मोजून टाका घालायचा. गोपूर, रथ, हत्ती, तुळशीवृंदावन हे जुने नमुने. डेनिमवर धागे मोजणं कठीण जातं, म्हणून मॅटी, म्हणजे धागे सहज मोजता येतील अशा विणीच्या कापडाच्या तळहाताएवढ्या तुकड्यावर नमुना भरा आणि तो तुकडा जॅकेटच्या खिशावर शिवून टाका. परीक्षेनंतरच्या सुट्टीत एक हत्ती सहज होतो.

ट्रॅडिशनल डे, शिवजयंतीची मिरवणूक, ढोल-ताशा पथक, गणपती यांना भाड्याच्या चमचमत्या कपड्यांपेक्षा हेच वापरा. मंडळाच्या टी-शर्टाबाबत तुम्हाला निवड नसते. पण तो सैल असेल तर बाजूनं दोन शिलाया मारून घ्यायला कोण अडवतंय?

घरच्यांशी

"हे असलं फाटकं घालून कुठं जाऊलीस?" या प्रश्नाला "सगळे घालतात" हे उत्तर कधीच चालत नाही. आधी पैशाचं आणि प्रसंगाचं वेगळं करा. महिन्याला किंवा सणाला अमुक एवढी रक्कम तुमच्या मर्जीची, आणि देवळात, कार्यात, आजोळी जाताना त्यांचं ऐकायचं, असं ठरवून टाका. माझ्याकडं येणाऱ्या घरांत असा करार केलेल्यांची भांडणं लवकर मिटतात.

आईबाबांनाही एक सांगते. कपड्यावर बोला, अंगावर बोलू नका. "हा रंग मला नाही आवडला" हे मूल विसरतं. "तू जाड, तुला हे नको" हे विसरत नाही. आणि मुलाला गुलाबी शर्ट हवा असेल तर घेऊ द्या.

पाऊस, धुणं आणि पुढची खरेदी

जून ते सप्टेंबर बेळगाव-खानापूरकडं जाड डेनिम दोन-दोन दिवस वाळत नाही. या दिवसांत पातळ, लवकर वाळणाऱ्या कापडाच्या दोन पॅन्ट असू द्या, आणि पांढरे स्नीकर कपाटात. जीन्स आणि छापील टी-शर्ट उलटे करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. इरकल आणि खण पहिल्या काही वेळा वेगळे धुवायचे, रंग सुटतो.

रोज नाही, पण ज्या दिवशी स्वतःला आरशात बघून बरं वाटेल त्या दिवशी एक फोटो काढून फोनमध्ये वेगळ्या अल्बममध्ये टाका. कुणाला पाठवायचा नाही. तीन महिन्यांनी एकत्र बघा. तीच कॉलर, तोच गडद रंग, तीच सैल बाही परत परत दिसेल. पुढची खरेदी त्याला जुळणारी करा, आणि वर्षातून एखादी वस्तू अगदी उलटी, गंमत म्हणून.

दिवाळीला काही शिवून हवं असेल तर कापड गणपतीतच घ्या आणि नवरात्राच्या आधी टाका. दसऱ्यानंतर आम्ही नवीन माप घेत नाही, मग शेजारच्या मामीची ओळख सांगितली तरी.